असं कोणी इथे राहत नाही

तिचं नाव मी सांगणार नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत वाचून कुणी हिरमुसायला नको. ती कुठे राहायची तेही जेमतेमच सांगेन. ठाकूरद्वारच्या आसपासची एक वाडी, एवढं पुरे. त्या भागात वाड्यांना काही तोटा नाही. आणि मी ठाकूरद्वार लिहिलं म्हणजे ते ठाकूरद्वारच असेल असंही धरून चालू नका. हा संशयीपणा माझा मूळचा नव्हे. आमच्या घरची माणसं सरळ, भाजीवाल्याने दिलेली वांगी उलटीपालटी न करता पिशवीत टाकणारी. मला हे तिच्याकडून आलं. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की वाण नाही तरी गुण लागतोच.

वर्गात तिला सगळे 'पंचनामा' म्हणायचे. पाठीमागे म्हणायचे, पण तिला ते माहीत होतं, कारण तिला सगळंच माहीत असायचं. अंगाने काटकुळी, तेल लावून घट्ट बांधलेले केस आणि बाराही महिने हातात काळी छत्री. डिसेंबरात छत्री कशाला, असं विचारलं की म्हणायची, "छत्री पावसासाठीच असते असं तुला कोणी सांगितलं?" तिचा लाडका शब्द 'कशावरून'. बाई वर्गात येऊन म्हणाल्या, "मी तुम्हाला अकाउंट्स शिकवणार आहे," की मागच्या बाकावरून हलकेच यायचं, "कशावरून?" कँटीनवाला म्हणाला, वडा ताजा आहे, की "कशावरून?" एका मुलाने बिचाऱ्याने सगळा धीर गोळा करून तिला सांगितलं की तू मला आवडतेस. त्यालाही तिने तेच विचारलं. तो अजून उत्तर शोधतोय, असं वर्गात म्हणत.

बसायची ती कायम दाराजवळच्या बाकावर. वर्गात शिरली की आधी दारं-खिडक्या बघायची, मग माणसं. समोर ओतलेला नसेल तर चहा प्यायची नाही. कॉलेजला येताना कधी बसने यायची, कधी चालत, आणि घरी जाताना स्टॉपच्या अलीकडे किंवा पलीकडे उतरायची, स्टॉपवर कधीच नाही. फोटो काढायची वेळ आली की हिच्या चपलेचा पट्टा निसटायचाच. आमच्या तीन वर्षांच्या फोटोंमध्ये ती जवळजवळ सगळीकडे आहे, पण फक्त वाकलेली पाठ आणि छत्री.

आमची पहिली ओळख मात्र समोरासमोर झाली नाही. ती फोनवर झाली आणि फार वाईट झाली.

बारावीनंतर परळच्या एका कॉलेजात बी.कॉम.ला प्रवेश मिळाला. कॉलेज उघडायला अजून अवकाश होता, तोवर दादरच्या एका उत्साही मुलाने येणाऱ्या वर्गाचा ग्रुप काढला आणि फर्मान सोडलं: प्रत्येकाने आपापली ओळख करून द्या. मग काय, ओळखींचा पूरच. "हाय गाईज, मी इंट्रोव्हर्ट आहे, पण एकदा ओळख झाली की खूप बोलते," असं निदान वीस जणींनी लिहिलं. लालबागच्या मुलांनी नावाआधी लालबाग लिहिलं. गिरगावचा एक म्हणाला, माझी आवड म्हणजे वाचन, ट्रेकिंग आणि माणुसकी. मी माझी ओळख लिहून, खोडून, पुन्हा लिहून, आईला वाचून दाखवून मग टाकली. आमच्या शाळेतलं कुणीच त्या कॉलेजात येणार नव्हतं. तिथे मला ओळखणारं एकही माणूस असणार नव्हतं आणि मला मैत्रिणी हव्या होत्या. हसू नका, त्या वयात ती मोठी गोष्ट असते. मी लिहिलं: काळाचौकी, चाळीत राहते, गणपतीत ढोल वाजवते, घावणे उत्तम करते, या कधीतरी खायला.

त्या सगळ्या हारतुऱ्यांत एका नंबरावरून एकच शब्द आला. "हजर." नाव नाही, फोटो नाही, आवड नाही. कुणीतरी विचारलं, अरे पण तू कोण, कुठला? उत्तर नाही. उलट तिथून प्रश्न सुरू झाले. दादरच्या अ‍ॅडमिनला विचारलं, "दादर पूर्व की पश्चिम? इमारतीखाली दुकान कसलं?" तो म्हणाला, डेअरी. "डेअरीवाल्याचं नाव?" माणुसकीवाल्याला विचारलं, "तुझ्या गल्लीच्या तोंडाशी देऊळ आहे की दवाखाना?" आणि मला: "कुठली चाळ? कितवा मजला? समोर काय दिसतं?" लोक वैतागले. मी मात्र आनंदाने सगळं सांगितलं. मला वाटलं, घावणे खायला येणार.

ती आली, पण घावणे खायला नाही.

आता तिची पद्धत सांगायला हवी. तिची मावशी गिरगावात वधूवर सूचक मंडळ चालवायची. लग्न जुळवण्याआधी स्थळाची चौकशी करतात ना, तशी चौकशी करण्यात मावशीचा हात धरणारं कुणी नव्हतं. आणि पंचनामाबाई लहानपणापासून मावशीचं बोट धरून त्या चौकशांना जायच्या. शाळेत पाढे पाठ व्हायच्या आधी तिला मावशीचे नियम पाठ होते. अगदी शेजारच्या दारात विचारायचं नाही, दोन दारं सोडून विचारायचं. शेजारी एकतर भांडलेला असतो नाहीतर मिंधा असतो. माणसं कशी आहेत, असं कधी विचारायचं नाही. इथे खोली भाड्याने मिळेल का, असं विचारायचं आणि बोलता बोलता शेजारपाजाऱ्यांवर यायचं. इस्त्रीवाल्याशी बोलल्याशिवाय परतायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम: चांगलं सांगेल त्याचं अर्धं धरायचं, वाईट सांगेल त्याचं पाव धरायचं, आणि जो काहीच सांगत नाही त्याचं पूर्ण धरायचं.

लोक मुलगा बघताना जे करतात ते ही वर्गमित्र बघताना करत होती. कॉलेज उघडायच्या आत दादर, लालबाग, गिरगाव असं करत जमेल तेवढ्या ओळखी ती पायी तपासून आली. एका मुलीच्या आईला तर वाटलं, घरात स्थळ चालून आलं. तिने चौकशी करणाऱ्या ह्या काटकुळीला पोहे दिले आणि मुलाची उंची विचारली.

पण आमच्या चाळीत तिचं गणित चुकलं. आमची चाळ तेव्हा पुनर्विकासात अडकली होती. बिल्डरची माणसं निरनिराळी सोंगं घेऊन यायची, कधी पाण्याची टाकी तपासायला, कधी साबण विकायला, आणि कोण खरा राहतो, कुणाची खोली बंद असते, कुणी पोटभाडेकरू ठेवलाय याची माहिती काढायची. एकदा का कुणी अपात्र ठरलं की त्याची खोली गेलीच. म्हणून चाळीच्या मीटिंगमध्ये ठरलं होतं: परक्या माणसाने कुणाचंही नाव घेऊन विचारलं, तर एकच उत्तर द्यायचं, असं कोणी इथे राहत नाही. तळमजल्यावरच्या काकूंचा नवा जावई ह्या ठरावापायी दिवाळसणाला आला तसा परत गेला होता. आणि अशा चाळीत येऊन हिने पहिला प्रश्न टाकला तो हा, की इथे खोली भाड्याने मिळेल का?

ह्यातलं मला काहीच माहीत नव्हतं. मी आईबरोबर बाजारात गेले होते. परत येऊन फोन बघते तर मी ग्रुपमधून बाहेर. का, कशासाठी, काही कळेना. अ‍ॅडमिनला लिहिलं तर त्याने मला ब्लॉक केलेलं. शेवटी माणुसकीवाल्याने माणुसकी दाखवली आणि मला तिचा मजकूर पाठवला. "काळाचौकीच्या त्या पत्त्यावर या नावाची मुलगी राहत नाही. तीन ठिकाणी विचारलं. हा नंबर कोणाचा आहे माहीत नाही. मुलींनी जपून." त्याखाली साऱ्या इंट्रोव्हर्ट मुली घाबरलेल्या. फेक आहे, फेक आहे. एकीने तर लिहिलं होतं, घावण्यांचं वाचलं तेव्हाच मला शंका आली.

मी रडत रडत गॅलरीत आले. तिथे तात्या त्यांच्या स्टुलावर बसले होते. तात्या म्हणजे आमच्या मजल्यावरचे गिरणीत आयुष्य काढलेले म्हातारबुवा. नात्याचे नाहीत, पण बालवाडीत मला खांद्यावर बसवून तेच न्यायचे. माझे डोळे बघायच्या आधीच ते खुशीत म्हणाले, "परवा एक पोरगी इल्ली, काळी छत्री घेवन. तुझा नाव घेवन इचारीत होती. मी सांगलंय, असा कोण हय रवणा नाय!" आणि शाबासकीसाठी माझ्याकडे बघत राहिले.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. मी ओळखपत्र गळ्यात घालून गेले होते, पण लोक चेहऱ्याकडे आणि ओळखपत्राकडे आळीपाळीने बघायचे. दाराजवळच्या बाकावर छत्री दिसली तशी मी तिथे जाऊन उभी राहिले. म्हटलं, "मीच ती. काळाचौकीची." तिने ओळखपत्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाली, "कार्ड काय, कुणीही छापतं." माझं टाळकं फिरलं. मी म्हटलं, "चल. आत्ताच्या आत्ता चल माझ्या घरी." आणि ती खरंच उठली.

परळ ते काळाचौकी आम्ही चालत आलो. आमच्या जिन्याला तेव्हा मधली एक पायरी मोडकी होती. मी तरातरा वर गेले, मागे धपकन आवाज झाला. पंचनामाचा पाय पायरीत अडकला होता. मी मनात म्हटलं, बरं झालं.

वर पोचलो, तर तात्या स्टुलावरून उठून उभे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागच्या छत्रीकडे पाहिलं, आणि ज्या माणसाने मला खांद्यावरून बालवाडीत नेलं तो माणूस मला म्हणाला, "कोण गो तू? कोण व्हया तुका?" मी म्हटलं, "तात्या, मी आहे!" त्याच वेळी शेजारच्या दोन्ही दारांतून आवाज आले, "नाही हं, इथे नाही," "चुकीच्या चाळीत आलात." समोर माझी सख्खी आई कपडे वाळत घालत होती. तिने चिमटा दातांत धरला, पदर सारखा केला आणि अगदी परक्या आवाजात विचारलं, "कोण पाहिजे आपल्याला?" आपल्याला! जन्मात तिने मला कधी आपल्याला म्हटलं नव्हतं. डोळ्यांनी मात्र ती मला खुणावत होती, की पोरी, ह्या बिल्डरच्या बाईने तुला पकडलंय ना, घाबरू नकोस, मी तुला ओळखतच नाही.

मी भिंतीला टेकून उभी राहिले. आपल्याच दारात आपण कुणीच नाही, हे त्या दिवशी मला खरोखर लागलं.

तेवढ्यात पंचनामा म्हणाली, "राहते ही इथेच."

"तू कोण सांगणारी?" तात्या गरजले.

"तुमच्या जिन्याची पायरी मोडकी आहे. हिने ती न बघता ओलांडली. माझा पाय गेला." मग तिने गॅलरीभर नजर फिरवली. "आणि तुम्ही सगळे एकदम बोललात. खरंच ओळखत नसलेली माणसं एकदम नाही बोलत. एकेक करून बोलतात, आणि मधे थोडा विचार करतात."

तात्यांनी स्टूल पुढे सरकवलं. "बस," ते म्हणाले. "च्या घेतलंस?"

चहा तिने घेतला, आईने तिच्यासमोर ओतला म्हणून. बिल्डरची नाही, हे पटवून द्यायला तिला बराच वेळ लागला, आणि मला ते बघायला फार बरं वाटलं. संध्याकाळी ग्रुपवर तिचा मजकूर आला: "चौकशीत माझी चूक झाली. मुलगी तिथेच राहते, मी स्वतः घरात जाऊन आले. त्या चाळीत मात्र कोणी खरं बोलत नाही." अ‍ॅडमिनने मला परत आत घेतलं. तीन वर्षांत 'माझी चूक झाली' हे शब्द मी तिच्या तोंडून पुन्हा ऐकले नाहीत.

त्यानंतर आम्ही एका बाकावर बसायला लागलो. मैत्री झाली असं मी म्हणायचे. ती म्हणायची, बसतो. ती आमच्याकडे यायची, घावणे खायची, तात्यांशी वाद घालायची. पण मावशीच्या चौकशांपलीकडे स्वतःचं एक अक्षर बोलायची नाही. आणि मग माझ्या मनात किडा वळवळायला लागला. मला सांगितलं होतं, ठाकूरद्वार. दुसऱ्या एका मुलीला सांगितलं होतं, माझगाव. बाईंनी विचारलं तर म्हणाली, इथेच जवळ. वडील काय करतात, ह्या प्रश्नाला तिच्याकडे दर वेळी निराळं उत्तर असायचं. एकदा तिच्या मागोमाग बसमध्ये चढले, तर माझ्याकडे बघून ती पुढच्या दाराने उतरून गेली. सगळ्या जगाचा पंचनामा करणारी ही बया स्वतः कोण? आई म्हणाली, "असेल काहीतरी. कशाला उकरतेस?" पण मला सारखं वाटायचं, आपण हिला चाळीची सगळी बित्तंबातमी दिली, खोल्या दाखवल्या, माणसं दाखवली. खरंच बिल्डरची निघाली तर?

म्हणून एका सकाळी मी तिची चौकशी करायला निघाले. तिच्याच पद्धतीने. वधूवर सूचक मंडळाच्या पाटीचा शोध घेत घेत वाडी गाठली, इस्त्रीवाल्याशी बोलले. त्याने इस्त्री थांबवली आणि एकही शब्द न बोलता पुन्हा सुरू केली. मी मनात म्हटलं, हे पूर्ण धरायचं. दोन दारं सोडून विचारलं, ते दार लागलं. शेवटी पाटीखालच्या दारातच गेले. दारात एक जाड भिंगाच्या चष्म्याच्या बाई उभ्या राहिल्या. म्हटलं, कॉलेजातली मैत्रीण आहे, अमुक अमुक. त्या गोड हसल्या आणि म्हणाल्या, "असं कुणी इथे राहत नाही, बाळ."

त्यांच्या खांद्यामागे खुंटीला काळी छत्री लटकत होती.

दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, पत्ता चुकला. पण मी काळाचौकीची. तो नकार कानांवर पडला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला: कुणालातरी जपल्याशिवाय माणसं असं बोलत नाहीत. मी म्हटलं, "मावशी, आमच्या चाळीतही असंच सांगतात. माझी आईसुद्धा." त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "घावणेवाली का तू?" म्हणाल्या, आणि दार उघडलं.

आत तिची आई साडीला फॉल लावत होती. मला बघून तिने सुई थांबवली. मावशींनीच सगळं सांगितलं. सख्ख्या बहिणीच्या लग्नाची चौकशी त्यांनीच केली होती. मुलगा निर्व्यसनी, देवभोळा, बोलायला गोड. सारी आळी त्याचं चांगलंच सांगत होती. एका म्हातारीने मात्र काही न बोलता दार लावून घेतलं. "त्या दाराचा आवाज मी ऐकला होता गं," मावशी म्हणाल्या. "धरला नाही." लग्नानंतर तो बहिणीला मारायचा. बहीण पोरीला कडेवर घेऊन निघून आली. तक्रारी झाल्या, समज दिली गेली, पण थोडे दिवस गेले की तो पुन्हा शोधत यायचा, धुतलेला शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा, तोंडात साखर. आणि शेजारी त्याला कौतुकाने सांगायचे, हो हो, वरच्या मजल्यावर, डावीकडचं दार. मग पुढचं सगळं त्या दारामागे व्हायचं. घर तीनदा बदललं होतं, दर वेळी मंडळाच्या पाटीवरचं नावही.

"नम्र माणसाला लोक पत्ता पटकन सांगतात," मावशी म्हणाल्या.

मला त्या ग्रुपची आठवण झाली. आम्ही मारे आवडीनिवडी लिहीत होतो आणि हिच्यासमोर साठ अनोळखी नंबर होते, साठांच्याही हातात हिचा नंबर होता. त्यांतला कुठला त्याचा भाचा, कुठला त्याच्या शेजाऱ्याचा मुलगा, हे कळायला हिच्याकडे पायपिटीशिवाय दुसरा उपाय काय होता? आमच्यासाठी ओळख करून देणं म्हणजे ओळख करून देणं. तिच्यासाठी ते पत्ता देणं होतं. मला इतकी लाज वाटली नाही जितका राग आला, त्या पेढेवाल्याचा.

दुसऱ्या दिवशी ती बाकावर बसली आणि पुस्तक उघडत म्हणाली, "इस्त्रीवाल्याशी आधी बोललीस, ते बरोबर केलंस. पण पाटी शोधत आलीस, ते सगळ्यांच्या लक्षात आलं." बस्स, एवढंच.

शेवटच्या वर्षी तो ठाकूरद्वारला पुन्हा दिसला. फुलवाल्याकडे विचारत होता. मावशी म्हणाल्या, मी इथेच बसते, बघू काय करतो; पण ह्या दोघींना हलवा. मी आईला सांगितलं. आईने बाबांना विचारलंही नाही. माझगावच्या गोदीतून ते संध्याकाळी घरी आले तेव्हा दोघी आमच्याकडे येऊन वरण-भात जेवत होत्या. बाबा म्हणाले, "बरं झालं, आज जेवायला माणसं आहेत." तात्यांना काय ते मी थोडक्यात सांगितलं. रात्रीच्या आत चाळीला कळलं असणार, कारण सकाळी कुणीच काही विचारलं नाही.

आणि एका दुपारी तो आलाच. कॉलेजच्या गेटवर कुणीतरी सहज सांगितलं असेल, ती ना, ती काळाचौकीला मैत्रिणीकडे जाते. मी गॅलरीत बादली घेऊन उभी होते. त्या दोघी आत. मी पाऊल न हलवता मागे हात नेऊन दार ओढून घेतलं. माणूस खरंच देखणा होता. धुतलेला शर्ट, पेढ्यांचा पुडा. तात्यांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "काका, माझी मुलगी इथे येते म्हणे. बरेच दिवस भेट नाही. बापाचा जीव आहे, राहवत नाही." त्याने तिचं नाव सांगितलं, माझंही सांगितलं.

तात्यांनी डोळे बारीक केले. थोडा विचार केला. "असा कोण हय रवणा नाय," ते म्हणाले, आणि बिडी शोधायला लागले.

मग बराच वेळ कुणी बोललं नाही. शेजारच्या काकूंनी भाजी निवडता निवडता मान वर केली. "कोण म्हणालात? नाव ऐकल्यासारखं वाटतं... नाही हो. ती पलीकडच्या चाळीतली, तिचं लग्न झालं." पुन्हा शांतता. पलीकडून कुणीतरी म्हणालं, मी नवीन आहे. आईने शांतपणे चिमटा लावला आणि विचारलं, "कॉलेजातच विचारलंत का?" तो माझ्याकडे वळला. "बाळ, तू ओळखतेस?" मी म्हटलं, "मी इथे पाहुणी आलेय." माझा आवाज कापला नाही, ही आजवरची माझी सगळ्यात मोठी कमाई.

एकेक करून. मधे थोडा विचार करून. तिनेच शिकवलं होतं.

तो उभा राहिला, हसला, पुडा कठड्यावर ठेवू का म्हणाला. तात्या म्हणाले, साखर आहे मला. तो निघाला. थोड्या वेळाने जिन्यातून धपकन आवाज आला, आणि मग त्या गोड तोंडातून एक सणसणीत शिवी. त्या पायरीचं त्याला कुणीच सांगितलं नव्हतं.

मी दार उघडलं. तिची आई तोंडावर हात दाबून बसली होती. ती स्वतः दाराला पाठ लावून उभी होती, छत्री दोन्ही हातांत धरून, आणि रडत होती. तिला रडताना मी तेव्हा एकदाच पाहिलं. बाहेर आली, तात्यांसमोर उभी राहिली. मला वाटलं, आता पायाबिया पडते की काय. पण तिने तिच्या पद्धतीने आभार मानले. म्हणाली, "आज एकेक करून बोललात."

मग तिने एक गोष्ट केली जी कुणाहीपुढे कधी केली नव्हती. आपली ओळख करून दिली. पूर्ण नाव सांगितलं, मधे बापाचं नाही, आईचं नाव लावून. कुठे जन्मली, कुठे राहते, कुठला मजला, कुठलं दार. आवड म्हणून सांगितलं, घावणे. सगळी गॅलरी ऐकत होती. तिचं बोलून झालं तेव्हा तात्यांनी मान डोलावली.

"बरा," ते म्हणाले. "सगळा इसारलंय."

आता आमची चाळ उभी नाही. माणसं भाड्याच्या घरांत पांगली, तात्या गावी गेले. त्या दोघी परीक्षा संपताच दुसरीकडे गेल्या, कुठे ते मी मुद्दामच विचारलं नाही. मी लोअर परळला नोकरी करते. वर्गाचा जुना ग्रुप मध्यंतरी पुन्हा जागा झाला, कुठेतरी भेटू या म्हणून. पुन्हा तीच टूम निघाली, प्रत्येकाने आपली नव्याने ओळख करून द्या, सध्या कुठे, काय करता. माणुसकीवाला आता इन्शुरन्स विकतो. त्या गडबडीत एका नंबरावरून मजकूर आला. "नमस्कार मित्रांनो, मीही तुमच्याच वर्गात होतो. एक मुलगी होती, तिला पंचनामा म्हणायचे. ती सध्या कुठे असते, कुणी सांगेल का?"

शेवटच्या वर्षी त्या दुपारनंतर मी वर्गात एवढंच सांगितलं होतं, की तिच्याबद्दल कुणी विचारलं तर सांगू नका. का, ते कुणी विचारलं नव्हतं. त्याला आता वर्षं लोटली होती. मी फोन हातात धरून बसले. कुणीतरी काहीतरी लिहीत होतं. लिहिलं, पुसलं. थोड्या वेळाने दादरच्या अ‍ॅडमिनचं उत्तर आलं: "कोण? आठवत नाही रे." मग मधे काहीच नाही. मग एका इंट्रोव्हर्ट मुलीचं: "पंचनामा? ती दुसऱ्या डिव्हिजनला होती बहुतेक." मग माणुसकीवाला: "आपल्या वर्गात अशी कुणी नव्हती, भाऊ." मी सगळ्यांत शेवटी लिहिलं, माहीत नाही.

तो नंबर कुणाचा ते कळलं नाही. खराच एखादा वर्गमित्र असेल तर बिचाऱ्याची माफी मागते.

त्यानंतर माझ्या एकटीच्या फोनवर, फोटो नसलेल्या एका नंबरावरून, एकच शब्द आला.

"हजर."